‘खाण वर, गाव खाली’ हे गणित खोटं आहे



सुरजागडच्या डोंगराबद्दल एटापल्ली तालुक्यात सध्या एक बोलणं फिरतंय. ठेकेदाराची माणसं बाजाराच्या दिवशी ते बोलतात, साहेब लोक मीटिंगमध्ये बोलतात. वाईट याचं वाटतं की आपल्यातलेही चार जण आता तेच बोलू लागलेत. बोलणं असं : “खाण डोंगराच्या माथ्यावर. तुमची गावं पायथ्याला. तुमची बांधी जात नाही, घर जात नाही, गोटुल जात नाही. 2007 साली दिलेली लीज जेमतेम 348 हेक्टरची. एवढ्या मोठ्या जंगलात 348 हेक्टर म्हणजे काय? मग ओरडता कशाला?”

या बोलण्याला ठाकूरदेवाच्या नावाने उत्तर आहे. ते आपण दर वर्षी जानेवारीत यात्रेला जमून देतोच. कायद्याच्या नावानेही उत्तर आहे, ते शेवटी सांगू. पण या अंकात आधी दगडाच्या नावाने उत्तर देऊ. कारण दगडाची भाषा फक्त आपल्यालाच येते असं साहेबांना वाटतं. “तुम्हाला काय कळतं जिऑलॉजीतलं?” असं तोंडावर विचारतात. तर कळून घेऊ या. फार अवघड नाही ते. आणि एकदा कळलं की ‘खाण वर, गाव खाली’ हे गणित किती खोटं आहे ते आपोआप दिसतं.

दगड हातात घ्या

डोंगरावरून उतरणाऱ्या कुठल्याही नाल्यात पट्ट्यापट्ट्यांचा दगड सापडतो. एक पट्टा काळसर-तांबडा, त्याला लागून एक पांढरट नाही तर लालसर, पुन्हा काळा, पुन्हा पांढरा. काळा पट्टा खरखरीत दगडावर घासून बघा, गेरूसारखी तांबडी रेघ उठेल. ते हेमाटाइट, म्हणजे लोखंडाचा दगड. पांढरा पट्टा गारगोटीच्या जातीचा, त्याला सिलिका म्हणतात. नुसता लोखंडाचा तुकडा आणि तेवढीच गारगोटी दोन हातांत घेतली तर लोखंडाचा तुकडा जवळजवळ दुप्पट जड लागतो.

सरकारी अहवालात या दगडाचं नाव ‘बँडेड हेमाटाइट क्वार्टझाइट’ असं लिहितात. थोडक्यात ‘बी. एच. क्यू.’ असंही लिहितात. पट्ट्यांचा लोखंडी दगड, एवढाच त्याचा अर्थ. ग्रामसभेपुढे कागद येईल त्यात ही तीन अक्षरं दिसली की बिचकू नका. नाल्यातला आपला ओळखीचा दगडच तो.

हा दगड झाला कसा? शास्त्रज्ञ सांगतात ते असं. सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा झाड नव्हतं, जनावर नव्हतं, माणूस तर नव्हताच. हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. त्यामुळे लोखंड समुद्राच्या पाण्यात विरघळून राहत होतं, जसं मीठ राहतं. पुढे पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढले आणि उन्हाच्या जोरावर प्राणवायू सोडू लागले. प्राणवायू लागला की लोखंडाला गंज चढतो, आपल्या कुऱ्हाडीला चढतो तसाच. समुद्रातल्या लोखंडाला गंज चढला आणि तो तळाशी बसला. मध्ये मध्ये सिलिका बसली. एक थर लोखंडाचा, एक सिलिकाचा, असं लाखो वर्षं चाललं. नंतर जमिनीच्या पोटातल्या दाबाने या थरांना घड्या पडल्या, ते कडक झाले, वर उचलले गेले. भोवतालचा खडक झिजत गेला, त्याची सपाटी झाली. तिथे आज आपली धानाची बांधी आहे. पट्ट्यांचा दगड कडक म्हणून कमी झिजला. तोच आज डोंगर म्हणून उभा आहे.

इंद्रावतीपलीकडे बस्तरात बैलाडिलाचा डोंगर आहे, बैलाच्या वशिंडासारखा म्हणून ते नाव. तो याच जातीच्या दगडाचा. गोव्यातलं लोखंडही याच जातीच्या पट्टेदार दगडातून आलेलं. म्हणून त्या दोन्ही ठिकाणी काय झालं, ते आपण नीट बघायला पाहिजे. दगड एका जातीचा असला तर खाणीची चालही एका जातीची असते.

लोखंड पाण्यानेच केलं

आता मुख्य मुद्दा. पट्ट्यांच्या साध्या दगडात लोखंड साधारण 30 ते 40 टक्के. पूर्ण शुद्ध हेमाटाइट घेतला तरी त्यात लोखंड 70 टक्केच, बाकीचा प्राणवायू. म्हणजे 35 टक्क्यांचा दगड म्हणजे निम्मा लोखंडाचा दगड आणि निम्मी गार. कंपनीला असा दगड पहिल्यांदा नको असतो. तिला 60 टक्क्यांच्या वरचा पाहिजे, जो सरळ ट्रकमध्ये भरून भट्टीला लावता येतो.

हा वरचा दगड आला कुठून? पावसाने केला. कोट्यवधी वर्षं पावसाचं पाणी डोंगराच्या माथ्यातून आत मुरत राहिलं. पाण्याने पांढऱ्या पट्ट्यातली सिलिका हळूहळू विरघळवून वाहून नेली. लोखंड मागे राहिलं. सिलिका जिथून गेली तिथे पोकळी राहिली. म्हणून चांगला लोखंडी दगड बऱ्याच ठिकाणी भोकाभोकांचा असतो, हाताने चुरता येतो. काही ठिकाणी तर त्याची निळसर-काळी पावडरच असते, खाणवाले तिला ‘ब्लू डस्ट’ म्हणतात.

आता तुम्हीच सांगा, भोकाभोकांच्या दगडात काय साठतं? पाणी साठतं. पावसाळ्यात डोंगर पाणी पितो. खाली न कुजलेला कडक पट्टेदार दगड आणि चिकणमातीचे थर ते पाणी सहज खाली जाऊ देत नाहीत. मग ते कडेने फुटतं, झरा होऊन. नाला उन्हाळ्यातही ओला राहतो तो अशा झऱ्यांमुळे.

म्हणजे कंपनीला डोंगराचा जो भाग सगळ्यात जास्त हवाय, पाणी सगळ्यात जास्त धरणारा भागही तोच. घागर फोडून म्हणतात, “घागरीचाच तुकडा घेतला, पाणी तर तुमचंच आहे.”

हे आम्ही मनाने रचून सांगत नाही. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत हे घडून गेलंय. तिथला चुरचुरीत लोखंडी दगड हाच पाण्याचा साठा होता. खाण जसजशी खोल गेली तसतशी ती पाण्याच्या पातळीखाली उतरली. खाणीत पाणी भरलं की काम थांबतं, म्हणून रात्रंदिवस पंप लावून ते पाणी उपसून बाहेर टाकलं. सत्तरीतल्या पिसुर्ल्यासारख्या गावांत विहिरी आटल्या. तिथेही कोणाच्या घरावर खाण नव्हती. खाण वर होती, गाव खाली होतं. आणि खाली असल्यामुळेच त्याची विहीर आटली.

सुरजागडवर पाणी नेमकं किती खोलीवर आहे, कुठला झरा कुठल्या थरातून येतो, याचं मोजमाप झालंय का? झालं असेल तर आपल्या भाषेत आपल्यापुढे ठेवा. झालं नसेल तर “तुमच्या पाण्याला काही होणार नाही” हे साहेब कशाच्या जोरावर सांगतात?

348 हेक्टरचं कुंपण टिकत नाही

दुसरी गोष्ट त्या ‘जेमतेम’ शब्दाची. लीजचा आकडा ऐकून काही जण म्हणतात, होऊ दे तेवढं. त्यांनी एक हिशेब समजून घ्यावा.

डोंगरातला कुठला दगड ‘खनिज’ आणि कुठला ‘टाकाऊ’, हे दगड ठरवत नाही. नागपूरला भारतीय खाण ब्युरोचं मुख्य ऑफिस आहे, ते ठरवतं. पूर्वी 55 टक्के लोखंड असलेला दगड धरत, त्याखालचा टाकाऊ. 2009 साली तो आकडा 45 वर आणला. डोंगर तोच, दगड तोच, पट्टे तेच. कागदावरचा आकडा दहाने खाली आला आणि कालचा टाकाऊ दगड आज माल झाला. उद्या पोलादाचा भाव वाढला, यंत्रं सुधारली, की हा आकडा आणखी खाली येणार नाही याची हमी कोण देतो? आकडा 35 वर आला की काय होईल? 35 टक्के म्हणजे आपला साधा पट्ट्यांचा दगड. म्हणजे अख्खा डोंगर माल. मग 348 हेक्टरचं कुंपण कुठे राहील?

कोणी म्हणेल, पट्ट्यांच्या हलक्या दगडाची खाण होतच नाही. होते. कर्नाटकात कुद्रेमुखला झाली. तिथलं लोखंड वेगळ्या जातीचं, चुंबकाला चिकटणारं, पण दगड पट्ट्यांचाच आणि हलकाच. तो दळून पीठ करायचे, पाण्यातून लोखंड वेगळं काढायचे आणि उरलेला गाळ लख्या नावाच्या धरणात सोडायचे. गाळ साठवायला धरण! भद्रा नदीच्या उगमाचा तो मुलूख. अखेर सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने 2005 च्या शेवटी ती खाण बंद झाली. गाळाचं धरण तिथेच आहे.

हिशेब साधा आहे. 35 टक्क्यांच्या दगडाच्या दहा गाड्या दळल्या तर निम्म्याहून जास्त गाळच निघतो. तो गाळ साठवायला सपाट जागा लागते, दळायला कारखाना लागतो, धुवायला पाणी लागतं. डोंगराच्या माथ्यावर यातलं काही होत नाही. सपाट जागा कुठे आहे? पायथ्याला. पाणी कुठे आहे? पायथ्याला. तिथे कोण राहतं, ते सांगायची गरज नाही.

चांगल्या दगडाच्या खाणीतही तेच. गोव्यात एक टन माल काढायला अडीच ते तीन टन माती-दगड उकरून बाजूला टाकावा लागला. त्याचे डोंगर झाले. पावसाळ्यात ते वाहून शेतात उतरले, नद्यांत उतरले. बैलाडिलाला 1968 पासून खाण चालू आहे. खालच्या शंखिनी नदीचं पाणी तांबडं झालं. लोखंडाची बारीक लाल माती एकदा बांधीत बसली की ती कडक होते, रोवणी नीट लागत नाही, पाणी मुरत नाही. आणि नदीनाल्याला लीजची हद्द कळत नाही. आपले नाले शेवटी गोदावरीलाच जातात. म्हणजे हा प्रश्न डोंगराखालच्या दहावीस गावांपुरताही नाही.

“पोरांना काम मिळेल”

हे बोलणं टाळून चालणार नाही. आपल्या पोरांना काम नाही, हे खरं आहे. तेंदूपत्त्याचे पंधरा-वीस दिवस, बाकी वर्ष रोजगार हमीची वाट बघण्यात जातं. खाणीत काम मिळेल असं कोणी सांगितलं तर पोरगं हलतं. त्याला शिव्या देऊ नका, बसवून बैलाडिलाची गोष्ट सांगा.

बैलाडिलाचा माल जपानला पाठवायचा म्हणून डोंगरातून विशाखापट्टणमपर्यंत रेल्वे टाकली. बस्तरच्या माणसाला बसायला गाडी पाहिजे म्हणून ती टाकली नव्हती. सुरुवातीला हाताने दगड फोडायला हजारो मजूर लागले. मग यंत्रं आली. 1978 साली ठेक्यावरच्या मजुरांची कपात झाली, मजुरांनी संप केला आणि त्यांच्यावर पोलिसांचा गोळीबार झाला. आपल्या सरहद्दीपासून लांब नसलेल्या दल्ली-राजहराच्या लोखंडखाणीत शंकर गुहा नियोगी यांच्या युनियनने यंत्रं सगळी माणसं खाऊन टाकतील म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. 1991 साली नियोगींचा खून झाला. त्या खाणी आजही चालू आहेत. एवढं लोखंड गेलं, तरी बस्तरचा माणूस देशातल्या सगळ्यात गरीब माणसांतच मोजला जातो.

आजची खाण तर पहिल्या दिवसापासून यंत्रांचीच असते. एक पोकलँड किती माणसांचं काम करतं ते रस्त्याच्या कामावर आपण बघितलंय. ड्रायव्हर बाहेरचा, मेकॅनिक बाहेरचा, आपल्या पोराला गेटवर लाल झेंडी धरायचं काम. लीज संपली की तेही नाही. मोहाचं झाड मात्र दर वर्षी फूल देतं, आणि त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही, चिठ्ठी लागत नाही.

आणखी एक टोमणा मारतात : “लोखंड नको म्हणता, मग कुऱ्हाड कशाची वापरता?” लोखंड नको असं आपण कधी म्हटलं? या चांदा मुलखात पूर्वी लोखंड गाळणारे कारागीर होतेच. वरवरचा दगड वेचायचे, लाकडी कोळशावर भट्टी लावायचे, कुऱ्हाड, फाळ, विळा करायचे. गरजेपुरता दगड घेतला, डोंगर जागेवर राहिला. भांडण लोखंडाशी नाही. किती घ्यायचं, कोणी घ्यायचं आणि कोणाला विचारून घ्यायचं, यावर भांडण आहे.

आधी अहवाल येतो, मग माणसं येतात

1882 साली एका जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्याच्या लोखंडावर अहवाल लिहिला. तो जमशेदजी टाटांच्या हातात पडला. वीसेक वर्षांनी त्यांची माणसं आपल्या शेजारच्या लोहाऱ्याच्या डोंगरावर दगड तपासायला आली. लोखंड चांगलं होतं, पण भट्टीजोगता कोळसा जवळ जमेना, म्हणून सोडून गेली. मग दोराबजी टाटांनी नागपूरच्या म्युझियममध्ये भूगर्भाचा एक नकाशा बघितला. त्यावर दुर्ग जिल्ह्यात गडद रंग होता. ते तिकडे दल्ली-राजहराला गेले. नकाशावर कोणीतरी रंग भरला आणि त्या रंगाखालच्या गावांना त्याचा पत्ताही नव्हता.

आपल्या डोंगराचंही असंच आहे. त्याची भोकं पाडून झालीत, नमुने तपासून झालेत, आकडे लिहून झालेत. ज्यांचा डोंगर, त्यांनी मात्र तो अहवाल वाचलेला नाही. संमती द्या म्हणतात, पण कशाला संमती, ते वाचू देत नाहीत. न वाचता दिलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.

आता कायद्याचं. साहेब सांगतील की पेसा कायद्यात ग्रामसभेची शिफारस फक्त गौण खनिजाला लागते आणि लोखंड हे प्रमुख खनिज आहे. तेवढं बरोबर आहे. पण ते अर्धंच सांगतात. डोंगर वनजमिनीवर आहे, आणि वनजमिनीला 2006 चा वनहक्क कायदा लागू आहे. त्या कायद्याने जंगल, पाण्याचे स्रोत आणि आपली संस्कृती राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. 3 ऑगस्ट 2009 च्या पत्रात केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयानेच लिहून दिलंय की वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर आधी वनहक्कांचे दावे पुरे झाले पाहिजेत आणि ग्रामसभेची संमती पाहिजे. 18 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने ओडिशातल्या नियमगिरीचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला. डोंगरिया कोंध आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या 12 ग्रामसभा बसल्या. बाराच्या बारांनी नाही म्हटलं. तिथे बॉक्साइट होतं, इथे लोखंड आहे. कायदा तोच.

मग करायचं काय?

पुढच्या ग्रामसभेत ही कामं घ्या.

एक. झऱ्यांची वही करा. चैत्र-वैशाखात प्रत्येक टोलीतली चार माणसं डोंगराभोवती फिरतील. कुठला झरा चालू, कुठला आटला, एक घागर भरायला किती वेळ लागला, हे तारखेसकट लिहा. बायांना सोबत घ्या, पाणी कुठे आहे ते त्यांना जास्त माहीत. वहीवर ग्रामसभेचा ठराव आणि सह्या घ्या. उद्या पाणी आटलं तर “आधी होतंच कुठे?” असं कोणी म्हणू शकणार नाही.

दोन. तहसील आणि खनिकर्म ऑफिसकडे लेखी मागा : भोकं पाडून केलेला भूगर्भ अहवाल, नकाशा, पाण्याच्या पातळीचं मोजमाप. मराठीत मागा, आणि गावात येऊन माडियात वाचून दाखवा म्हणा. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

तीन. चार प्रश्न लिहून विचारा. किती टक्क्यांच्या वरचा दगड काढणार? त्याखालचा दगड कुठे टाकणार, कुठल्या नाल्याच्या डोक्याला? खाण पाण्याच्या पातळीखाली जाणार का, आणि उपसलेलं पाणी कुठे सोडणार? उद्या टक्क्यांचा आकडा खाली आला तर पुन्हा ग्रामसभेला विचारणार का? उत्तर लेखी घ्या. तोंडी उत्तर पावसात धुऊन जातं.

चार. सामूहिक वनहक्काचा दावा ज्या गावाचा राहिलाय त्याने तो आधी टाकावा. दाव्यात डोंगर, देवस्थान, झरे नावानिशी लिहावेत. नाव नाही लिहिलं तर उद्या म्हणतील तिथे तुमचं काही नव्हतंच.

पाच. कोऱ्या कागदावर, कोऱ्या रजिस्टरवर, ‘हजेरीची सही’ म्हणून पुढे केलेल्या कागदावर कोणीही अंगठा देऊ नये. सरपंच असो नाही तर पाटील असो.

या डोंगराचा एकेक पट्टा बसायला केवढा काळ गेला, आणि त्यात पाणी मुरून झरा व्हायलाही. यंत्राला तो खाली उतरवायला तीस-चाळीस वर्षं पुरतात. त्यानंतर कोणाचीही लीज आली, कोणाचंही सरकार आलं, तरी डोंगर परत उभा राहत नाही. म्हणून ‘खाण वर, गाव खाली’ असं कोणी म्हटलं की त्याला नाल्यातला पट्ट्यांचा दगड हातात द्या आणि विचारा : यातला काळा पट्टा तेवढा काढून दाखव, पांढरा फुटू न देता.

जल-जंगल-जमीन आमच्या हक्काची!
ग्रामसभा झिंदाबाद!

(हा अंक गोटुलात वाचून दाखवावा. वाचून झाला की पुढच्या गावाला द्यावा.)